आतून लागलेलं दार

गुरुवार होता. रात्रीचे नऊ पन्नास. वेळेच्या बाबतीत माझ्याशी वाद घालू नका, मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत. माझ्या शेजारच्या गाळ्यात किल्लीकाकाचं दुकान. त्याने शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

फोन हेडक्लार्कसाहेबांचा. रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणायचे.

"वरच्या खोलीचं दार अडकलंय," साहेब म्हणाले. "सकाळी आठला भाडेकरू सामान घेऊन येतोय. आत्ताच्या आत्ता या."

ती खोली त्याला माहीत होती. पण आलेलं काम नाकारायची सवय नव्हती त्याला. पिशवी उचलली, सायकल काढली.

ती खोली साहेबांच्या मुलीची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तेवीस वर्षांची, बारीक चणीची. एका संध्याकाळी लॅब बंद करताना मालकाच्या भाच्याने तिला मागच्या खोलीत कोंडलं, आणि... तुम्ही लहान नाही आता, कळतंय तुम्हाला.

पोरीने घरी सांगितलं. चौकीवरही सांगितलं. आणि मग जिकडे तिकडे तीन प्रश्न सुरू झाले. इतक्या उशिरा तिथे थांबलीच कशाला? अंगात काय घातलं होतं? ओरडली का नाही? चौकीवर तेच, दवाखान्यात तेच, घरात जेवताना तेच. लोकांनी ती गोष्ट चघळून चघळून तिचा चोथा केला, तरी थुंकवेना. आमच्या गाळ्यांपुढच्या बाकावरही हेच चालायचं. तक्रार मागे घेतली ती बापाने. भाच्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. चांगल्या घरातला मुलगा, म्हणे.

मग साहेबांनी किल्लीकाकाला बोलावलं. पोरीच्या खोलीला बाहेरून कडी बसवायला. "तिच्याच भल्यासाठी," म्हणाले.

किल्लीकाका भोकं पाडत होता तेव्हा ती आत कॉटवर बसली होती. म्हणाली, "काका, आतूनही एक बसवाल? मला झोप लागत नाही."

किल्लीकाकाने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "तिला आतून कडी कशाला हवी?"

आणि आमचा किल्लीकाका, भला माणूस हो, कुणाचं वाईट न चिंतणारा, त्या पोरीला काय म्हणाला? "वेळेत घरी आली असतीस तर ही पाळी आली नसती, बाळा." शेवटचा स्क्रू पिळला आणि निघाला.

चार महिन्यांनी एका पहाटे कडी काढली, तर ती गेलेली. कशाने गेली, ते बापाने कुणाला विचारू दिलं नाही. खोली तेव्हापासून बंदच, दीडेक वर्ष झालं. लोक म्हणाले, सुटली बिचारी. नक्की कोण सुटलं, ते मात्र कुणी बोलेना.

तर, किल्लीकाका पोचला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. जिन्यावर साहेब आणि पोरीची आई, म्हणजे बाई, उभे. वर जायला दोघांपैकी कुणी तयार नाही. "तुम्ही व्हा पुढे," साहेब म्हणाले, "आम्ही इथेच आहोत."

तो वर गेला. पिवळा बल्ब होता. बाहेरची कडी उघडीच होती. त्याने दार ढकललं. हललं नाही. लाकूड फुगलं असेल म्हणून त्याने पोलादी पट्टी काढली, फटीत घातली, आणि खालून वर सरकवत नेली.

छातीच्या उंचीवर पट्टी अडली. टक्.

लोखंड.

त्याने पुन्हा सरकवली. टक्. पट्टी तिरपी करून चाचपून पाहिलं. आतल्या बाजूला कडीचा दांडा होता. दार आतून लावलेलं होतं.

आतून कडी नव्हती त्या दाराला. हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर ते त्यालाच.

"साहेब," त्याने मान वळवून विचारलं, "नंतर कुणी आतून कडी बसवली होती का?"

"छे. कोण बसवणार?"

खाली बाई साहेबांना विचारत होत्या, भिंतींना कुठला रंग द्यायचा. भाडेकरूला फिका निळा चालेल का...

तेव्हा दाराच्या आतून कुणीतरी बोललं. हळू नाही, मोठ्याने नाही. फॉर्म भरून घेताना बोलतात तसं.

"काका. एकटेच आलात?"

किल्लीकाकाच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"इतक्या रात्री?"

आवाज दाराला अगदी लागून होता. मध्ये फक्त लाकूड.

"अंगात काय घातलंय?"

उकाड्यामुळे त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला. एक बटण लावलं. दुसरं लावलं. साठीचा माणूस, आणि त्याला लाज वाटली. कसली, ते त्याला आजही सांगता येत नाही.

"ओरडाल ना, काका?"

त्याला ओरडायचं होतं. सहा पायऱ्या खाली दोन माणसं उभी होती. नुसतं "साहेब" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

तोंड उघडेना.

जबडा हलेना. श्वास फक्त नाकातून. तोही अर्धा. मागून मान घट्ट धरल्यासारखी. पाठीला काहीतरी टेकलेलं... गरम. मागे वळता येईना.

खाली बाई म्हणत होत्या, "निळा नको. मळतो लगेच."

किती वेळ... माहीत नाही.

मग आतून दांडा सरकला. सर्र. दार बोटभर उघडलं. आणि मानेवरची पकड सुटली.

त्याने पायाने दार ढकललं. आत कुणी नाही. गुंडाळलेली गादी. फरशीवर धूळ, पाऊल एकही नाही. त्याने दाराची आतली बाजू पाहिली. हात फिरवून पाहिली. सपाट फळी. कडी नाही, स्क्रू नाही, भोकसुद्धा नाही.

साहेब आणि बाई वर आले. "झालं?" साहेबांनी विचारलं. "एवढे घामाघूम का?"

किल्लीकाकाने सगळं सांगितलं. प्रश्न सांगितले, तोंड उघडत नव्हतं ते सांगितलं. साहेब ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अहो, आम्ही इथेच तर होतो. ओरडायचं तरी!"

आणि बाई म्हणाल्या, "एवढ्या रात्री यायलाच नको होतं तुम्ही. सकाळी यायचं."

फोन कुणी केला होता? तो त्या दोघांच्या तोंडांकडे बघत राहिला. भीती कुठल्या कुठे गेली होती, म्हणाला मला. उरली होती नुसती किळस. त्यांची, आणि त्यांच्यापेक्षा जास्त स्वतःची. कारण हे बोलायला त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तेही ह्याच दारात उभं राहून बोलला होता तो.

त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बाहेरची कडी उतरवायला घेतली.

"अहो, राहू दे ती," साहेब म्हणाले, "भाडेकरूला लागेल."

"कडी बाहेरून लावायची, साहेब? कोणासाठी?"

किल्लीकाकाने चारही स्क्रू काढले, कडी साहेबांच्या पायाशी टाकली आणि जिना उतरला. कोपऱ्यावर सायकल टेकवून गटाराशी बसला, आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकला. तरी तोंडाची चव गेली नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॅबच्या दारात उभा राहिला आणि भाच्याने काय केलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव घेऊन सांगू लागला. तासाभराने तिथल्या माणसांनी त्याला हाताला धरून बाजूला केलं. तसाच माझ्या गाळ्यात आला. बाकावरचे म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. एकाने तर विचारलं, "तू त्या खोलीत गेलासच कशाला?" मी त्या माणसाला तिथून उठवलं. उशिरा उठवलं, पण उठवलं. दोन वर्षं मीही त्या बाकावर ऐकत बसलो होतोच ना.

किल्लीकाकाचा चेहरा मी तेव्हा उजेडात नीट पाहिला. दाढी करायच्या आरशात त्याला पहाटेच दिसलं होतं. डाव्या गालावर चार लाल पट्टे, उजव्या गालावर एक. पंजा मागून येऊन तोंडावर दाबून धरावा, तसे. मी माझा हात वर धरून माप घेतलं. माझ्यापेक्षा मोठा पंजा होता. पुरुषाचा. त्या पोरीचे हात तर एवढेएवढेसे होते.

लाली आठवड्यात गेली. मग त्याने दाढी वाढवली. दाट आली, पांढरीशुभ्र. पण तेवढ्या पाच जागी आजवर एक केस उगवलेला नाही.