भोपळ्याची पेन्शन

टोकन नंबर दोनशे बारा, खिडकी चार.

ब्रॉनी तरातरा गेली आणि तिनं अकरा पाकिटं काउंटरवर अशी आपटली, की शेजारच्या खिडकीवरचे आजोबा काय विचारायला आलो होतो तेच विसरले. बाईचं डोकं भडकलं होतं. आणि का भडकू नये? टास्मानियाहून येऊन चार वर्षं जिंजूत पोरांना इंग्रजी शिकवतेय, मासेवालीशी कोरियनमध्ये भांडून भाव पाडण्याइतकी इथली झालीय, आणि आज सकाळी व्हिसा कचेरी तिला काय सांगते? तुमचा आरोग्य विमा अकरा महिने थकलाय. तो मिटल्याशिवाय मुदतवाढ नाही. व्हिसा संपत होता तीस नोव्हेंबरला. आज ऑक्टोबरची सात तारीख होती.

“थकलाय म्हणजे काय? दर महिन्याला माझ्या पगारातून कापतात!”

खिडकीतल्या तरुणानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पाकिटांकडे. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं पे सुहो. पाकिटं सगळी विमा कचेरीचीच होती. एकही फोडलेलं नव्हतं. आणि प्रत्येकावर एक तपकिरी, गोल डाग.

“हे... काय आहे?”

“पातेलं.”

“पातेलं?”

“रामेनचं, नूडल्सचं. गरम असतं ना, टेबल खराब होतं.” आता तिलाच जरा लाज वाटली. “अहो, मागच्या वर्षी या इंग्रजी अकादमीत यायच्या आधी, जुन्या शाळेत असताना अशीच पाकिटं यायची. शाळेनं पैसे भरले, एवढंच आत असायचं. मला वाटलं, तेच असणार... म्हणून नाही फोडली.”

सुहो हसला नाही. पण त्याचे कान लाल झाले, आणि ते लपवायला त्यानं मान खाली घालून कीबोर्ड बडवायला घेतला. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, “तुमच्या अकादमीनं तुमचं नाव कामगार म्हणून नोंदवलेलंच नाही. कागदावर तुम्ही फ्रीलान्सर आहात. म्हणजे मनात येईल तेव्हा येणार, मनात येईल तेव्हा जाणार... एकदम स्वतंत्र.”

“स्वतंत्र? मी? मला बाथरूमला जायचं तर मालकीण प्यो बाईंना विचारावं लागतं!”

“त्यामुळे ही विम्याची बिलं थेट तुमच्या नावावर आली. पेन्शनच्या यादीतही तुमचं नाव नाही.”

“आणि माझ्या पगारातून कापले ते?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“माहीत नाही, की सांगता येत नाही?”

पहिल्यांदाच त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. “सांगता येत नाही. पण तुमच्या मागच्या भिंतीवर एक फलक आहे. तो मोठ्यानं वाचायला इथे मनाई नाही.”

ब्रॉनी वळली. तिनं फलक मोठ्यानं, अगदी वर्गात वाचतात तसा वाचला. मालकानं नाव नोंदवलं नसेल तर कामगार स्वतः अर्ज करू शकतो. पुरावा दिल्यास विमा आणि पेन्शन, दोन्हींत मागील तारखेपासून नोंद होईल. सगळा हॉल ऐकत होता. ती पुन्हा खिडकीकडे वळेपर्यंत कोरा अर्ज काउंटरवर येऊन पडला होता. सोबत पेन... टोपण काढलेलं.

हं. म्हणजे हा माणूस वाटतो तितका साधा नाही, एवढं तिच्या लक्षात आलं.

अकादमीच्या मालकीणबाई प्यो यांनी मात्र दुसऱ्या दिवशी तिला खोलीत बोलावून गोड आवाजात दम दिला. “ब्रॉनी टीचर, परदेशी टीचर सगळे फ्रीलान्सरच असतात हो. बिल भरून टाका आणि विषय संपवा. नाहीतर दुसरीकडे जायला लागतं ना, ते माझ्या संमतीचं पत्र... ते मग मला जमणार नाही. आणि तुमची खोलीसुद्धा अकादमीचीच आहे, हे विसरू नका.”

बाहेर आल्यावर लेराटोनंही तेच सांगितलं. लेराटो दक्षिण आफ्रिकेची, शेजारच्या वर्गावरची. “गप भर आणि मोकळी हो, बाई. कशाला वाकड्यात शिरतेस?”

“तुझा हात मोडला तेव्हा हॉस्पिटलनं काय सांगितलं?”

लेराटोनं तोच हात मागे घेतला. विमा थकलाय, सगळा खर्च तुमचा, असं सांगितलं होतं. सहा महिन्यांची बचत एका प्लास्टरमध्ये गेली होती.

“भरणार नाही मी,” ब्रॉनी म्हणाली. “एकदा कापून घेतले, आता परत मीच भरायचे? मी काय दूधखुळी आहे?”

मग सुरू झाल्या खिडकी चारच्या वाऱ्या. दर दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत. एकदा पगाराची कागदं, एकदा हजेरीचे फोटो. आता खरं सांगायचं तर सगळे कागद एकाच फेरीत देता आले असते. पण एकेक आणून देण्यात काय मजा आहे ते ज्याचं त्याला कळतं.

एकदा तिनं पर्समधून पर्सिमनचं पिकलेलं, केशरी फळ काढून काउंटरवर ठेवलं.

सुहोनं ते एका बोटानं परत ढकललं. “अर्जदाराकडून काही घेता येत नाही. पाणीसुद्धा नाही.”

“बघायला परवानगी आहे?”

“...बघायला आहे.”

मग तिनं ते तिथंच, त्याच्या समोर, सावकाश सोलून खाल्लं. रस मनगटावरून ओघळला. सुहो एकच कागद तीनदा तपासत बसला. “पान उलटं आहे, साहेब,” ब्रॉनी म्हणाली. ते खरंच उलटं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पावसानं झोडपलं. ब्रॉनी स्टॉपवर भिजत उभी होती आणि अचानक पाणी थांबलं. वर काळी छत्री. छत्रीचा दांडा सुहोच्या हातात, हात पूर्ण लांब केलेला, आणि तो स्वतः अख्खा पावसात.

“अहो, आत या की!”

“अर्जदारापासून अंतर ठेवावं लागतं.”

“आणि छत्री धरलेली चालते?”

“छत्री कचेरीची आहे. अर्जदाराला भिजू देऊ नये, असं... कुठंतरी लिहिलेलं असणार.” त्याच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं.

इतका चिंब, इतका वेडा, आणि इतका सरळ माणूस ब्रॉनीनं आयुष्यात पाहिला नव्हता. ती एक पाऊल त्याच्याकडे सरकली. तो एक पाऊल मागे गेला. ती परत सरकली... तेवढ्यात अकादमीची पिवळी व्हॅन समोरून गेली. पुढच्या सीटवर प्यो बाई होत्या. त्यांनी काच खाली केली, नीट पाहून घेतलं, आणि काच वर केली.

पुरावे द्यायची शेवटची तारीख होती एकतीस ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. आणि एकतीस ऑक्टोबर म्हणजे हॅलोविन. इंग्रजी अकादम्यांचा सर्वांत मोठा सण हाच. फोटो निघतात, पालक खूश होतात, पुढच्या वर्षाचे प्रवेश होतात. प्यो बाईंचा हुकूम आठवडाभर आधी सगळ्यांच्या फोनवर आला होता. सर्व परदेशी टीचरांनी भोपळ्याच्या पोशाखात यायचंच. दुपारी बारा ते रात्री आठ पोशाख उतरवायचा नाही. न घालणाऱ्यानं कारण लेखी द्यावं. उशिरा येणारा जिना पुसेल.

लेराटो सहा मिनिटं उशिरा आली. पाचच्या सुट्टीत, भोपळ्याच्या पोशाखात, एकदा मोडलेल्या हातानं ती जिना पुसत होती आणि पोरं वर-खाली पळत होती. चौथ्या पायरीवर तिनं फडकं खाली टाकलं.

“ब्रॉनी, तो तू आणलेला, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज कुठाय? आण इकडे. करते सही.”

मग उरलेल्या तिघा परदेशी टीचरांनीही केल्या. पाच भोपळ्यांच्या पाच सह्या. सव्वापाच वाजले होते. पोशाख उतरवायला वेळ नव्हता, म्हणून ब्रॉनी तशीच धावली. पुलावर वारा पोशाखात शिरला आणि ती दुप्पट फुगली. बसमध्ये तिला दोन सीट लागल्या.

कचेरीत ती शिरली तेव्हा सगळा हॉल वळून पाहत राहिला. तिनं शांतपणे टोकन घेतलं. पण खिडकी चारवर सुहो नव्हता. तिथं ह्वांग ताई बसल्या होत्या, कचेरीतल्या सर्वांत जुन्या, चष्म्याची दोरी गळ्यात.

“तुमचं प्रकरण आता माझ्याकडे आहे. पे सुहो बाजूला झालेत.”

ब्रॉनीला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. म्हणजे स्टॉपवर पाहिलं त्यावरून प्यो बाईंनी तक्रारीची धमकी दिली असणार आणि हा घाबरला. एवढीच का हिंमत? त्या लांब केलेल्या हाताची, त्या लाल कानांची एवढीच किंमत?

“का बाजूला झाले?” तिचा आवाज चढला. “अधिकारी बदलला तर कारण कळायला हवं मला. लेखी!”

“हक्कच आहे तुमचा,” ह्वांग ताई म्हणाल्या. इतक्या झटकन म्हणाल्या, की जणू वाटच बघत होत्या. त्यांनी एक कागद छापून पुढे सरकवला.

प्रकरणातून माघार घेण्याचा अर्ज. कर्मचाऱ्याचं नाव, पे सुहो. माघारीचं कारण : ‘अर्जदार मला आवडतात. माझ्यामुळे त्यांच्या खऱ्या दाव्यावर कुणी शंका घेऊ नये.’ संबंधाचं स्वरूप : ‘एकतर्फी.’

ब्रॉनीनं तो दोनदा वाचला. अक्षरं नीट दिसेनात, म्हणून डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचला. हॉलच्या अगदी मागे, फाइलींच्या ढिगाआड, दोन लालबुंद कान दिसत होते.

“साहेब!” ती तिथूनच ओरडली. “एकतर्फी लिहिलंय तुम्ही. चौकशी न करताच?”

ढीग हलला. सुहो उभा राहिला. “मला... मला या प्रकरणात अर्जदाराशी बोलायची परवानगी नाही.”

“मग बोलू नका, ऐका. चूक लिहिलंय ते!”

टोकन घेऊन बसलेल्या बायकांमध्ये खसखस पिकली. आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. प्यो बाई आत आल्या, डोक्यावर चेटकिणीची टोकदार टोपी. उत्तर द्यायची त्यांचीही आज शेवटची तारीख होती, आणि टोपी काढायचं घाईत राहून गेलं होतं.

त्यांनी भोपळ्याला बाजूला घेतलं. “ब्रॉनी टीचर, तुटेपर्यंत ताणायचं कशाला? तुमची नोंद मी आजच करते. अकरा महिने, विमा, पेन्शन, सगळं. व्हिसासुद्धा होऊन जाईल. फक्त बाकीच्या चौघांनीही सह्या केल्यात म्हणे, ती नावं काढा आणि अर्ज मागे घ्या. इथे सही.” कागद तयारच होता.

ब्रॉनीनं ह्वांग ताईंना विचारलं, “आणि मी नाही म्हटलं तर?”

ह्वांग ताईंनी चष्मा काढला. “चौकशीला दोन-तीन महिने लागतात. वाद चालू आहे म्हणून राहायचा परवाना मिळेल. पण त्या परवान्यावर शिकवता येत नाही. नोकरी नाही, पगार नाही. आणि निकाल काय लागेल ते मी आत्ता सांगू शकत नाही.”

ब्रॉनीनं मागे पाहिलं. सुहोनं मान हलवली नाही, डोळ्यांनीसुद्धा काही सुचवलं नाही. घट्ट मुठी करून तो नुसता उभा होता. सही केली तर सगळं आजच मिळणार होतं. जिंजू, नदी... आणि हा. फक्त लेराटोनं जिना पुसत राहायचं.

“प्यो बाई,” ती म्हणाली, आणि हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली, “चार वर्षं मी पोरांना सांगतेय, कुणी ढकललं तर ‘नो’ म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं. आज मी म्हणते. नो!”

तिनं पाच सह्यांचा अर्ज काउंटरवर ठेवला. वर भोपळ्याच्या हुकुमाची छापील प्रत ठेवली. ह्वांग ताईंनी ती वाचली, मग समोरच्या भोपळ्याकडे पाहिलं, मग चेटकिणीच्या टोपीकडे.

“पंचवीस वर्षं मी इथे आहे,” त्या म्हणाल्या. “भोपळा व्हायचा लेखी हुकूम मिळालेला फ्रीलान्सर आजवर पाहिला नव्हता.”

प्यो बाईंनी टोपी ओढून काढली आणि सँडल आपटत निघून गेल्या. घड्याळात सहाला चार मिनिटं कमी होती.

ह्वांग ताई भराभर रकाने तपासत होत्या. एका ठिकाणी त्यांचं पेन थांबलं. “कोरियातला संपर्क. इथे अकादमीचा नंबर आहे. आता तो चालायचा नाही. आणि हा रकाना रिकामा राहिला तर अर्ज घेता येत नाही.”

चार वर्षांत इथली प्रत्येक गोष्ट ब्रॉनीला आधी शाळेच्या, मग अकादमीच्या नावानं मिळाली होती. फोन, खोली, बँकेचं खातं. लेराटो आणि बाकीच्यांचीही तीच गत. आपलं असं एकही नाव तिच्यापाशी नव्हतं. भोपळ्याच्या आत तिला थंडी वाजायला लागली.

“शून्य एक शून्य...”

आवाज मागून आला. सुहो फाइलींमधून वाट काढत पुढे येत होता आणि येता येता एकेक आकडा उच्चारत होता. खणखणीत, टोकन पुकारतात तसा. अकराचे अकरा आकडे संपले तेव्हा तो काउंटरला येऊन पोचला होता... पण ह्वांग ताईंच्या बाजूला नाही. फळी उचलून तो बाहेर आला होता आणि ब्रॉनीच्या शेजारी उभा होता.

“पे सुहो,” ह्वांग ताई म्हणाल्या, “या प्रकरणात बोलायला तुम्हाला मनाई आहे.”

“प्रकरणाबद्दल बोलत नाहीये, ताई. माझा नंबर सांगतोय. तो मी कुणालाही देऊ शकतो.” तो ब्रॉनीच्या शेजारून हलला नाही. “तीन महिने लागू देत, नाहीतर तीन वर्षं.”

ह्वांग ताईंनी नंबर उतरवला. त्यापुढच्या रकान्यावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, “अर्जदाराशी नातं?”

सुहोचे कान पेटले. ब्रॉनीनं भोपळ्यातून हात बाहेर काढला आणि सगळ्या हॉलदेखत त्याचा हात घट्ट धरला.

“लिहा, ठरतंय.”

ह्वांग ताईंनी तसंच लिहिलं आणि शिक्का मारला.