ओव्याचा दोष

दानम्मांनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या राजशेखरनं आजही घेतला नाही. वडील गेल्याला वर्ष होत आलं होतं, अन् तेव्हापासून तो आईशी बोलत नव्हता... छातीत जळजळतंय म्हणणाऱ्या ईश्वरप्पांना ओवा देऊन तिनं तासभर घरीच ठेवलं, म्हणून ते हातचे गेले, अशी त्याची पक्की समजूत होती. लातूरच्या दवाखान्यानंही कागदावर 'उशिरा आणले' असंच लिहून दिलं होतं.

ओवा खरं तर सुनेनं, दामिनीनं, दिला होता. पण तिला तेव्हा सातवा महिना होता. हा घोर तिच्या जिवाला सोसायचा नाही म्हणून दानम्मांनी तो दोष निमूट स्वतःच्या पदरात घेतला होता. आता मांडीवर नातू खेळत होता, तरी लेकाचा अबोला त्यांचं काळीज कुरतडतच होता...

त्या दुपारी पंचशीला नावाच्या नर्सबाई पत्ता विचारत औशाला त्यांच्या घरी आल्या. ईश्वरप्पांना भरती करून घेणाऱ्या त्याच. त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. पेशंट वेळेत आला होता, घरी गेलेल्या तासानं काही बिघडलं नव्हतं. ईसीजी लगेच काढला, त्यात हृदयाचा झटका स्पष्ट दिसत होता. पण नेमकी डॉक्टरांची पाळी बदलली, तो कागद दुसऱ्याच पेशंटच्या फाइलीत लागला, अन् नव्या डॉक्टरांनी चार तास पित्तावरच औषध चालवलं.

"मी दोनदा विचारलं, ईसीजी कुठंय म्हणून," पंचशीलाबाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं." आता दवाखान्यात त्या प्रकरणाची चौकशी लागली होती, अन् त्या खरं ते लिहून देणार होत्या.

दामिनीला हुंदका आवरेना. "ओवा मी दिला होता... अव्वांनी माझ्यापायी सगळं सोसलं."

राजशेखर आईच्या पायाशी बसला.

"अव्वा, मला सांगायचं तरी होतंस."

"तिच्या पोटात लेकरू होतं, बाबा. माझ्या पोटचं तर मोठं झालेलं... रुसलं तरी माघारी येतंय, एवढं मला ठाव होतं."

त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. दानम्मा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. डोळे मात्र त्यांनी पुसले नाहीत.

सोमवारी मायलेक एसटीनं लातूरला चौकशीला गेले. पेशंटसोबत कोण होतं, असं चौकशीच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा राजशेखरनं आईसाठी खुर्ची पुढं ओढली.

"माझी अव्वा होती. तिलाच विचारा."

दानम्मा पदर सावरून बसल्या, अन् त्या दिवशीच्या सकाळपासूनचं सगळं सांगू लागल्या.