दुसरी प्रत दुसऱ्या घरी

तिला खरं तर समोरच्या खोलीतला बिघडलेला प्रिंटर बघायचा होता. पण जिना चढून वर येते न येते तोच नाक हुळहुळलं, आणि आधाराला तिने जे दार धरलं ते नुसतंच लोटलेलं होतं.

“शिंकू नका—!” आतून कुणीतरी ओरडलं.

ती शिंकली. चांगली लागोपाठ तीनदा, दणदणीत.

सूक्ष्मदर्शकावर वाकलेला एक उंच माणूस हळूच सरळ झाला. त्याच्या काचपट्टीवर सकाळभर वेचून ठेवलेले परागकण होते. ते उडून गेले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजात सगळे याला धूळमास्तर का म्हणतात, ते तिला आत्ता कळलं. फुलांच्या पिवळ्या धुळीचे फोटो काढण्यात या माणसाने वर्षं घालवली होती.

“सॉरी... मला फुलांचं वावडं आहे.”

“असं? मग गुन्हेगार बघायचाय?” तो हसला. हसताना अगदी वेगळाच दिसला. “तुमच्या नाकात शिरतो ना... तो हा.”

संगणकाच्या पडद्यावर त्याने काढलेल्या एका फोटोतला सोनेरी गोळा उजळला. अंगभर नाजूक काटे, काट्यांच्या मुळाशी सुईने विणावी तशी जाळी. ती बघतच राहिली. हे आपण रुमालाने पुसून टाकतो? एवढं देखणं काहीतरी आपल्या अवतीभवती तरंगत असतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो?

तेवढ्यात तिच्या सरावलेल्या कानांनी दुसरंच काही टिपलं. टक्... टक्... टक्.

“हा आवाज कधीपासून येतोय?”

“घड्याळाचा असेल.”

“खोलीत घड्याळ नाहीये, सर.”

ती संगणक विभागात होती. हे दुखणं कसलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. संगणकाच्या आतली डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. “या फोटोंची दुसरी प्रत कुठेय?” तिने विचारलं. तो काचपट्टी पुसू लागला. “एवढ्या वर्षांचं काम... आणि एकही प्रत नाही?”

“करू करू म्हणत राहूनच गेलं,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

प्रिंटर राहिला बाजूला. ती धावत जाऊन बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घेऊन आली. केबल लावली. आता ती फॉरमॅट करायची होती.

“म्हणजे नक्की काय करायचं?” त्याने तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

“आत असेल नसेल ते सगळं पुसायचं आणि नव्याने कप्पे आखायचे. यादीत बघा, दोन डिस्क दिसतायत. एक ही नवी, एक तुमची. चुकून तुमची पुसली तर संपलंच.”

“आणि चुकलात तर?”

“तर मी हे शहर सोडून जाईन.”

“जाऊ नका,” तो पटकन म्हणाला. मग कान लाल करून... “म्हणजे, चुकू नका.”

हे काम तिने कितीदा तरी झोपेत केल्यासारखं केलं होतं. आज मात्र डिस्कचं नाव तिने मोठ्याने वाचलं, त्यालाही वाचायला लावलं, आणि मगच बटण दाबलं. नवी डिस्क कोरी करकरीत झाली. फोटो एकेक करून तिच्यात उतरू लागले.

नीट उतरतायत ना, हे बघायला ती मधूनमधून एखादा उघडत होती. खरं सांगायचं तर गरजेपेक्षा जास्तच उघडत होती. एक कण होडीसारखा, एक निळसर त्रिकोणी. एकाला दोन्ही बाजूंना चक्क फुगे!

“याला वाऱ्यावर लांब जायचं असतं,” तो म्हणाला. “म्हणून फुगे घेऊनच निघतो.”

“हे याला कुणी शिकवलं?”

“तेच तर मला अजून कळलेलं नाही.” त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखं नवल होतं. इतकी वर्षं बघूनही त्याचं नवल विटलं नव्हतं. ती पडद्याकडे बघायचं विसरली, त्याच्याकडेच बघत राहिली. आपण या माणसाच्या प्रेमात पडतोय, हे तिला अगदी लख्ख कळलं.

शेवटचा फोटो उतरला. थोड्याच वेळात टकटक थांबली, आणि जुना संगणक कायमचा गप्प झाला. दोघांनी एकदम नव्या डिस्कच्या त्या छोट्या काळ्या डबीकडे पाहिलं. त्याचं सगळं आयुष्य तिच्या तळहातावर मावत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक डिस्क तशीच कोरी करून पहिलीवरून भरून दिली. काम झालं. आता या खोलीत यायला काही निमित्त उरलं नव्हतं.

“दोन्ही एका जागी ठेवू नका हं,” ती उगाच रेंगाळत म्हणाली. “आग लागली, पाणी शिरलं तर दोन्ही जातील. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवायची, हा नियमच आहे.”

“मला दुसरं घर नाही.” त्याने एक डबी पुढे केली. “तुमच्याकडे ठेवाल?”

तिने ती दोन्ही हातांनी घेतली. एवढा विश्वास... आपल्यावर?

“फक्त एक अडचण आहे,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “समजा... पुढेमागे... दोन्ही प्रती एकाच घरात आल्या, तर?”

तिला कळायला क्षण लागला. मग कानशिलं तापली.

“मग तिसरी करावी लागेल,” ती हळूच म्हणाली. “ती माझ्या आईकडे ठेवू. पण हे माझ्याकडे कशाला, असं ती विचारेल. ते तुम्ही सांगायचं. मला नाही जमणार.”

“सांगेन की,” तो तिच्याकडे वळला. “पण आधी मला ते तुम्हाला सांगू द्या.”