पहिल्या हाकेला ओ

दिवा राहू दे मालवलेला. इरा, तो फोन पालथा ठेव. ही आमच्या हरीशची गोष्ट आहे, न्यूझीलंडातल्या इथल्याच लोअर हटमधल्या. खोटी वाटली तर त्यालाच विचारा. तो सांगणार नाही, ही गोष्ट वेगळी.

हरीश मूळचा देवरुखकडचा, आणि अभिषेक त्याचा जिवलग दोस्त. वसंत आला की दोघं मास्टरटन गावापलीकडे एका फार्मवर रानटर्कीच्या शिकारीला जायचे. पहाटेच्या अंधारात झाडाला पाठ लावून बसायचं, खडू लावलेली लाकडी डबी घासून मादीचा आवाज काढायचा, की नर ओरडत समोर येतो.

गेल्या साली मधे घळ ठेवून दोघं दोन झाडांखाली बसले होते. अंधारातून हाक आली, "हऱ्याऽ..."

एकच.

आता आपल्याकडची रीत अशी, की रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदाही बोलावेल, भूत नाही बोलावत. हरीश तिसऱ्या हाकेची वाट बघत बसला. दुसरीसुद्धा आली नाही. उजाडल्यावर अभिषेक घळीत सापडला. पाय घसरून पडला होता. जीव गेलेला.

"काका, ही शुड हॅव आन्सर्ड!"

हो ग इराबाई. तेच त्याला वर्षभर खात होतं.

यंदाच्या वसंतात, ऑक्टोबरातल्या लेबर डेच्या आदल्या रात्री त्यानं बंदूक घेतली, अभिषेकची डबी घेतली आणि गाडीची किल्ली उचलली. बायको, मृदुला, दारात आडवी उभी.

"परत तिथंच? आणि हाक आली तर?"

"तर ओ देणार."

"अरे, ओ देणाऱ्याला ते घेऊन जातं!"

"नेऊ दे. एकदा भिऊन गप्प बसलो, दोस्त गेला. आता साक्षात यम आला तरी गप्प बसायचा नाही मी."

रिमुटाकाचा घाट उतरून तो फार्मवर पोचला तेव्हा चंद्र मावळला होता. उघड्या माळावर ताडासारखं दिसणारं एकटंच कॅबेज ट्री उभं होतं. अभिषेक बसायचा ते. हरीश मुद्दाम त्याच्याच बुंध्याशी टेकला. दवानं गवत इतकं भिजलं होतं, की बसताक्षणी पॅन्ट ओलीचिंब झाली. समोरच्या पाइनवर टर्की झोपलेले.

त्यानं डबी घासली.

काही नाही.

पुन्हा घासली. एकही नर ओरडला नाही. वारा नाही. मेंढरं गप्प.

मग...

"हऱ्याऽ..."

लांबून नाही. घळीतूनही नाही. खांद्याशी.

अंगावर काटा आला. मान वळेना. तरी पठ्ठ्यानं छातीत श्वास भरला आणि गरजला, "ओऽऽ! इथंच आहे रे मी! न्यायचं तर ने, पण ओ दिली म्हणजे दिली!"

...

...

पाइनवरचे सगळे नर एकदम ओरडले. सगळा डोंगर दुमदुमला. हरीशनं बंदुकीला हात लावला नाही. तो हुंदके देऊन रडला.

उजाडलं तेव्हा तो उठला. कुणी नेलं नव्हतं त्याला. माळावर त्याच्या एकट्याच्या पावलांची वाट होती, बाकी सगळीकडे दवाचं पांढरं पांघरूण.

फक्त त्याच्या शेजारी, बुंध्याला लागून, एक माणूस रात्रभर बसावा एवढ्या जागेतलं गवत कोरडं होतं.