तेलंगणा पासिंगची गाडी

"गाडी माझी हाय, मॅडम. पन पोलीस म्हनतेत, तुमची गाडी कोनती तेच आदी सिद्ध करा."

मेहेक शेख खुर्चीवर बसलीसुद्धा नव्हती. उमापुरात तिचं शिलाईचं दुकान होतं. तिथून ती सकाळीच एसटीने बीडला आली होती. सोबत गेवराईचा गॅरेजवाला सुग्रीव होता. गॅरेजमधलं काम टाकून तो तिच्यासाठी आला होता.

मनिषा केकाण यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. पोलीस खात्यातली नोकरी सोडून त्यांनी कोर्टाजवळ खाजगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. त्यांचा धाकटा दीर अजिनाथ त्यांची गाडी चालवी, पाणी आणे आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत गुन्हेगार ठरवून मोकळा होई.

"बसा. सुरुवातीपासून सांगा."

मेहेकने सांगितलं. अम्मीला, म्हणजे आमिनाबींना, डायलिसिससाठी सारखं बीडला यावं लागे. एसटीतून परत जाताना त्या अर्धमेल्या होत. म्हणून मेहेकने हैदराबादच्या आमेर नावाच्या गृहस्थांकडून जुनी पांढरी गाडी घेतली. घाईने नाही, रीतसर. तिथल्या परिवहन कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घेतलं, विमा स्वतःच्या नावावर केला, प्रदूषणाचा दाखला काढला. मगच मावसभाऊ जावेदला सोबत घेऊन ती जहीराबाद, उमरग्यावरून गाडी घरी घेऊन आली. नंबर तेलंगणाचाच होता. इथला कर भरून इथला नंबर घ्यायचा, एवढंच बाकी होतं.

"आन् काल पासिंगला नेली, तर साहेबानं सीटखालची मॅट उचलली. चेसिस नंबर घासून टाकल्याला! गाडी जप्त. मला इचारतेत, चोरीची गाडी कावून आनली?"

"हैदराबादला नंबर कुणी पाहिला होता?"

"मी सोत्ता. डाव्या सीटखाली बॅटरी धरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. आमेरचाचा शेजारी हुबे होते."

सुग्रीव हळहळला. "पोरीला काय कळतंय मॅडम त्यातलं? वाचला असंल भलताच नंबर. परराज्यातला मानूस, फसवून मोकळा झाला. मी म्हनतो, त्याच्यावर केस टाका आन् ह्या गाडीचा नाद सोडा. लफड्यात कुठं पडता?"

"नाद न्हाई सोडनार," मेहेक म्हणाली. "मी एक कागद चुकवला न्हाई. चोरासारखी मान खाली घालून कावून हिंडू?"

मनिषाताईंनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. "आणल्यापासून गाडी कुणाकुणाच्या हातात होती?"

"जावेद एकदा आष्टीला घिऊन गेलता. तो आल्यावर मीच गेवराईला सुग्रीवभाऊंकडं नेली. सीटकव्हर, खालची मॅट, पॉलिश आन् अम्मीसाठी पाय ठिवायला पायरी. दोन दिवस तिथं हुती. तिथून सरळ हितं पासिंगला. वाटंत डावीकडं लई वढत हुती."

"हैदराबादची गाडी," सुग्रीव म्हणाला. "आतून खिळखिळीच असनार."

"किल्ल्या किती मिळाल्या?"

"दोन. एक वापरायची. दुसरी अम्मीनं पहिल्याच दिवशी तिच्या बटव्यात टाकली. ती कुनाच्या हाताला लागत न्हाई."

ते दोघं गेल्यावर अजिनाथने मांडीवर थाप मारली. "वहिनी, आमेर! सरळ हाय."

"सरळ असेल तर हैदराबादला फोन लावा, भावजी."

फोनवर आमेरचाचांचा आवाज थरथरत होता. "मॅडम, मैं गाडी बेचा, ईमान नै बेचा. बच्ची खुद नंबर पढी, मैं सुना. दोनों चाब्यां दिया. आप बोले तो मैं बीड आता, पुलिस के सामने खडा रहता."

"फसवणारा माणूस असा स्वतःहून येतो म्हणेल का?" मनिषाताईंनी विचारलं.

"नाटक असंल," अजिनाथ म्हणाला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

दुपारी ते उमापूरला पोचले. जावेद दुकानाच्या पायरीवर बसला होता. प्रश्न विचारण्याआधीच तो चिडला.

"मी आपाला म्हनलोतो, इतक्या लांबून गाडी घिऊ नको. आता सगळे माझ्याकडंच बघतेत."

"आष्टीला का गेला होतास?"

जावेद चपलेचा पट्टा ओढत बसला. आतून आमिनाबींचा आवाज आला. "सांग की रे. चोरी थोडीच केलीस?"

"खुशनुमाच्या घरी गेलतो," तो पुटपुटला. "तिच्या अब्बांला भेटायला. लग्नाचं बोलायचं हुतं. एसटीनं गेलो असतो तर... गाडीनं गेल्यावर मानसं जरा नीट बोलतेत."

अजिनाथने अर्थपूर्ण नजरेने वहिनींकडे पाहिलं. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

"चालवायला कशी होती गाडी?"

जावेदचा चेहरा एकदम उजळला. "मख्खन! आष्टीच्या रस्त्यानं स्टेअरिंगवरचा हात ढिला सोडला तरी रेघ मारल्यासारखी सरळ जायची."

"आणि तो तिथून आल्यावर तुम्ही गेवराईला नेली तेव्हा?" त्यांनी मेहेकला विचारलं.

"तवाबी सरळच. पासिंगला नेतानाच वढायला लागली."

आमिनाबी खाटेवर टेकून बसल्या होत्या. मनिषाताई त्यांच्याजवळ गेल्या. "खाला, ती दुसरी किल्ली द्याल का दोन दिवस?"

आमिनाबींनी कमरेचा बटवा सोडला. "आनल्यापासनं हितंच हाय. ने बाई. पन माझ्या पोरीच्या नावाचा डाग धुवून आन."

जप्त केलेली गाडी बीडच्या पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. फौजदार त्रिंबक सोनवणे मनिषाताईंना खात्यातल्या दिवसांपासून ओळखत होते. त्यांनी स्वतः मॅट उचलून दाखवली. नंबराच्या जागी पत्रा चकचकीत घासलेला होता. गंजाचा ठिपकाही नव्हता.

"तुमची अशील गोत्यात आहे, ताई," सोनवणे म्हणाले. "परवा गुन्हा नोंदवायचा आहे. कागद तिचे, गाडी तिच्या ताब्यात."

मनिषाताईंनी पुढची काच पाहिली. "हिच्यावर टोलचा फास्टॅग नाही?"

सोबत आलेली मेहेक म्हणाली, "हुता की. येताना त्याच्यावरच टोल कटला. सुग्रीवभाऊ म्हनले, काच घासताना फाटला, नवीन नंबर आला की दुसरा लावू."

मनिषाताईंनी आमिनाबींची किल्ली दाराच्या कुलपात घातली. ती अर्ध्यावर अडली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. किल्ली फिरली नाही.

"बॅटरी उतरली असंल," अजिनाथ म्हणाला.

"दाराच्या कुलपाला बॅटरी कशाला लागते, भावजी?"

अजिनाथने डोकं खाजवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं गेवराईला सुग्रीवच्या गॅरेजवर गेले. त्याने खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला.

"मेहेकच्या गाडीची मॅट तुम्हीच बसवली ना?"

"सोत्ताच्या हातानं. जुनी काढली, पत्रा झाडून-पुसून घेतला, मंग नवी बसवली. बहिनीसारखी हाय ती, काम कसं कच्चं करनार?"

"तेव्हा काही वावगं दिसलं नाही?"

"न्हाई. दिसलं असतं तर सांगितलं नसतं का?"

गॅरेजच्या मागच्या बाजूला झाकण घातलेली एक गाडी होती. खालून पांढरा रंग आणि महाराष्ट्राचा नंबर डोकावत होता. अजिनाथने सहज विचारलं, "ही कुनाची?"

"माझीच. अपघातातली घेतली हुती, कागद एकदम पक्के. ठोकून-ठाकून नवी केली. उद्या दुपारी गिऱ्हाईक न्यायला येतंय."

"चांगली झाली असेल," मनिषाताई उठत म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

गाडीत बसल्यावर अजिनाथ म्हणाला, "जावेद, वहिनी. आता मी ठाम हाय. एकटाच गाडी घिऊन गेलता."

"फौजदारांना फोन लावा. उद्या सकाळी त्यांना गेवराईत यायला सांगा. मेहेकला म्हणावं, गाडीचे सगळे कागद घेऊन ये. आणि जावेदलाही बोलवा."

"पळून गेला तर?"

"तो नाही पळणार. लग्न ठरवायचंय त्याला."

सकाळी सुग्रीवच्या गॅरेजसमोर सगळे जमले. फौजदार सोनवणेंबरोबर दोन शिपाई होते. सुग्रीवने हसून स्वागत केलं, पण त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं. गिऱ्हाइकाची वेळ जवळ येत होती.

"काय झालं मॅडम, हैदराबादवाला कबूल झाला का?"

"त्याच्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही," मनिषाताई म्हणाल्या. "आपण सगळे एकच प्रश्न विचारत होतो, नंबर कुणी घासला? खरा प्रश्न वेगळा होता. ठाण्यात उभी असलेली गाडी मेहेकची आहे का?"

"नंबर प्लेट तर तीच आहे," सोनवणे म्हणाले.

"प्लेट तीच. गाडी दुसरी." त्यांनी पर्समधून किल्ली काढली. "आमेरनी दिलेल्या दोन किल्ल्यांपैकी ही एक. पहिल्या दिवसापासून आमिनाबींच्या बटव्यात. परवा तुमच्यासमोर मी ती लावली, साहेब. कुलूप फिरलं नाही. मेहेक रोज वापरते ती किल्ली मात्र त्या गाडीला लागते. म्हणजे गाडीबरोबर एक किल्लीही बदलली गेली. ज्याने बदलली त्याच्या हातात एकच किल्ली आली होती."

मेहेक पुढे झाली. "मंग माझी गाडी?"

"सांगते. आधी कधी बदलली ते पाहू. जावेद आष्टीला गेला तेव्हा गाडी रेघेसारखी सरळ चालत होती. तो परत आल्यावर तुम्ही ती इथे आणली, तेव्हाही सरळच. इथून बाहेर पडली तेव्हा डावीकडे ओढायला लागली. अपघातात सांगाडा वाकलेली गाडी वरून कितीही रंगवा, ती तशीच ओढते."

जावेदने सुस्कारा सोडला. अजिनाथ नजर चुकवून पायाने खडा लोटू लागला.

सुग्रीव म्हणाला, "ह्ये काय बोलनं झालं? रस्त्याला खड्डे किती हायत बघा."

"मग फास्टॅग? तो काचेवरून सोलला की फाटतो, दुसऱ्या काचेवर लावता येत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीवर तो नव्हता. तुम्ही घासताना फाटला म्हणून सांगितलं. नवी सीटकव्हरं, नवी मॅट, नवं पॉलिश. आठवड्याभराच्या ओळखीची गाडी, त्यात सगळं नवं. फरक दिसला तरी नव्या कामाचाच वाटणार."

"नंबर हैदराबादलाच घासल्याला हुता!"

"तसं असेल तर तुम्हीच उत्तर द्या. डाव्या सीटखालची जुनी मॅट तुम्ही स्वतः काढली, पत्रा पुसला. नंबर नेमका तिथेच असतो. इतक्या वर्षांचं काम तुमचं, आणि घासलेला पत्रा दिसला नाही? त्यावर गंजही नव्हता. घासून फार तर चार-पाच दिवस झाले होते."

सुग्रीव खांद्यावरच्या फडक्याने हात पुसू लागला.

"तुमच्याकडे कागद चांगले होते, गाडी मोडकी होती. मेहेकने तसलीच, त्याच रंगाची धडधाकट गाडी दारात आणून लावली. तुम्ही प्लेटा बदलल्या, मेहेकच्या किल्लीची कडी आपल्या किल्लीला लावली, आणि आपल्या गाडीचा नंबर घासला, म्हणजे माग तुमच्यापर्यंत येणार नाही. पासिंगला पकडली जाणार हे तुम्हाला माहीत होतं. पण गाडी परराज्यातली. दोष हैदराबादच्या माणसावर जाईल, मेहेक घाबरून गाडी सोडून देईल, असा तुमचा हिशेब. म्हणूनच नाद सोड, नाद सोड म्हणत तिच्याबरोबर माझ्यापर्यंत आलात."

"हवेतल्या गोष्टी हायत! पुरावा काय?"

मनिषाताईंनी किल्ली मेहेकच्या हातात दिली. "दाबा बटण."

मेहेकने अंगठा दाबला. गॅरेजच्या मागच्या बाजूला झाकणाखाली दोन पिवळे दिवे चमकले आणि कुलपं खटकन उघडली.

मग जावेद धावत गेला आणि त्याने झाकण ओढून काढलं. सोनवणेंनी डाव्या सीटखालची मॅट उचलली. नंबर शाबूत होता. गिऱ्हाईक मॅट उचलून बघणार नाही, या भरवशावर सुग्रीवने तो तसाच ठेवला असावा. फौजदार एकेक अक्षर वाचत गेले आणि मेहेक हातातल्या कागदांवर बोट फिरवत गेली. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा ती दाराच्या कडेवर बसली.

"बहिनीसारखी म्हनत हुता तुमी," ती सुग्रीवला म्हणाली. "माझी अम्मी मेली असती तरी चाललं असतं तुमाला?"

शिपाई त्याला घेऊन गेले.

"वहिनी," परतताना अजिनाथ म्हणाला, "मला पहिल्यापासनं त्याचाच संशय हुता."

"हो, भावजी. आमेर आणि जावेदच्या नंतर."

कोर्टातून गाडी सुटायला वेळ लागला. तोवर मेहेक अम्मीला एसटीनेच नेत राहिली. लोक म्हणाले, आता नंबर तेलंगणाचाच राहू दे, कोण बघतंय? तिने ऐकलं नाही. पुन्हा तपासणी, पुन्हा रांग, पुन्हा कर. आमेरचाचांनी हैदराबादहून फोन करून दोनदा चौकशी केली. अखेर गाडीला बीडचा नंबर लागला.

त्या सोमवारी ती आमिनाबींना मागच्या सीटवर उशीला टेकवून बीडला निघाली. उमापूरच्या फाट्यावर एक म्हातारी हातात दवाखान्याची पिशवी घेऊन एसटीची वाट पाहत होती. मेहेकने ओळखलं. कौशल्याबाई, त्याच दवाखान्यात डायलिसिसला येणाऱ्या. तिने गाडी थांबवली.

कौशल्याबाईंनी काचेतून आत डोकावलं. "बीडपर्यंत किती घेशील गं?"

"ही खासगी गाडी हाय, मावशी. भाडं घेतलं तर बेकायदा हुईल." मेहेकने हात लांबवून दार उघडलं. "बसा."

आमिनाबींनी उशी उचलून जागा केली.