अडतिसावा मेंदू

टाकी भरून वाहतेय हे सांगायला तो खाली आला, आणि माझी नात कॉम्प्युटरसमोर डोळे पुसताना त्याला दिसली.

तो म्हणजे शिवा, सांगोल्याचा. करावे गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने, कॉम्प्युटरच्याच कामाला. एकट्या पोराला मी अकरा महिन्यांच्या वर खोली देत नाही, हा माझा नियम. त्याचे दहा दिवस उरले होते. इतक्या महिन्यांत त्याने मान वर करून माझ्या नातीकडे, उन्नतीकडे, पाहिलं नव्हतं... निदान माझ्यादेखत तरी.

"काय झालं?" त्याने दारातूनच विचारलं.

"मेमरी एरर," ती नाक ओढत म्हणाली. "माझ्या प्रोजेक्टसाठी आकडी येणाऱ्या दोनशे मुलांच्या मेंदूचे स्कॅन आहेत. अडतिसावा उघडला की प्रोग्राम मरतो. रोज."

"बघू का?"

"आधी मोटर बंद कर!" मी ओरडले. गेला धावत. ओले पाय घेऊन परत आला. उन्नती हसली — आठवड्यात पहिल्यांदा.

मी शाळेची पायरी फार चढले नाही, पण कान शाबूत आहेत. कोळंबी सोलत ऐकत होते. एकेका स्कॅनमध्ये म्हणे शेकडो चित्रं, आणि पोरगी दोनशेच्या दोनशे स्कॅन एकदम उघडायला बघत होती.

"मशीनच बसेल असं," तो म्हणाला. "एक उघडा. त्यातलाही लागेल तेवढाच तुकडा वाचा."

"तुम्ही पण तसेच का? तुकड्या-तुकड्याने उघडणारे?"

"मी... अजून कुणी उघडायला बघितलंच नाही."

कान लाल झाले पोराचे. माझ्या नातीचे त्याहून.

एकेका मेंदूला पाऊण तास लागायचा. दोन दिवसांनी गाडी पन्नासाव्याला अडली. तो रोज संध्याकाळी सहाला येऊन बसू लागला. चौथ्या दिवशी खोड उन्नतीनेच शोधली. झालेल्या मेंदूचं उत्तर डिस्कवर लिहून सोडून द्यायचं, तर ही सगळी उत्तरं मेमरीतच धरून बसली होती. "सापडलं!" म्हणून माझ्या गळ्यात पडली.

आणि सहा वाजता बघते तर ही फोनवर — "शिवा, परत एरर आली... या ना."

मला इंग्रजी येत नाही. पण एरर लाल अक्षरांत येते, एवढं मला कळलं होतं. पडद्यावर एक लाल अक्षर नव्हतं. आकडे पळत होते सरळ.

तो आला. आकडे त्यालाही दिसले असणार. तरी खुर्ची ओढून, कपाळाला आठ्या घालून बसला. सहा संध्याकाळी दोघं मिळून नसलेली एरर शोधत होती!

दहाव्या संध्याकाळी वर त्याच्या बॅगा भरलेल्या. दोनशेवा मेंदू संपला. पडदा स्थिर झाला.

"झालं," उन्नती म्हणाली. मग खाली बघून — "एरर नव्हतीच. सहा दिवस."

"माहीत आहे."

"मग यायचात कशाला?"

"तू बोलवायचीस म्हणून..." पहिल्यांदा 'तू' म्हणाला तो.

"उद्या... कुठे?"

"कामोठ्यात खोली पाहिलीय."

"लांब आहे."

"फार लांब."

कामोठे काय विलायतेत हाय? मी जीभ चावली.

"उन्नती, मला तू आवडतेस. पहिल्या महिन्यापासून. पण आजींना घाबरून—"

"आजी मागंच बसलीय तुज्या," मी म्हटलं.

दोघं ताडकन उठली. उन्नती माझ्याजवळ आली. "आजी, राहू दे ना त्याला."

"एकट्या पोराला मी खोली देत नाय. नियम म्हंजे नियम."

तिचा चेहरा पडला. त्याने गुपचूप चपला शोधायला घेतल्या. किती भित्रं ते!

"लग्न ठरलेल्याला देते," मी म्हटलं. "आयेला फोन लाव तुज्या. चालंल ना गं तुला?"

उन्नतीने त्याच्या हातातून फोन घेतला, आणि नंबर तिनेच लावला.