पिवळा गोल

मोबाईल खाली ठेवा, मग सांगतो. आणि उगाच खिदळू नका. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा साडू आहे, चांगला हिंडता-फिरता आहे.

मोटारींच्या कारखान्यात तो रंगखात्यात होता. हातात सदा रंगाची बंदूक, म्हणून सगळे त्याला फौजदार म्हणायचे. स्वभावाने मात्र बायको शिंकली तरी दचकणारा. त्याच खात्यात तपासणीला एक तिरसट म्हातारा होता, त्याचं नाव पडलं होतं भिंग. गाडीच्या रंगात कुठे फोड दिसला, ओघळ दिसला, की भिंग पिवळ्या खडूने त्याभोवती गोल काढायचा. गोल आहे तोवर गाडी पुढे सरकायची नाही. आणि गोल पुसायचा तो ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच, तीही आधी चूक निस्तरून. दुसऱ्याने पुसलेला भिंगाला चालत नसे.

खात्यामागे जमिनीत एक हौद होता. उडालेला रंग पाण्याबरोबर त्यात जायचा आणि गाळ साचत राहायचा. दुधावर धरते तशी वर साय, राखाडी, चिवट. मधूनच बुडबुडा यायचा, आणि फुटला की असा वास सुटायचा की जेवलेलं वर यावं. भिंगाने एकदा त्या हौदाभोवतीच भलामोठा गोल काढला. सगळे पोट धरून हसले, पुसायला कोणी गेलं नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि भिंग खोकून खोकून गेला. शेवटी उशाशी फौजदारच होता.

कितीतरी वर्षं त्या जागेवर नुसतं गवत माजलं होतं. मग एक दिवस फाटकावर फलक लागला. नवे उद्योग, नव्या नोकऱ्या, खाली दात दाखवणारी चार तरुण पोरं. चकचकीत बुटांचे साहेब आले. त्यांना जागेचा माहीतगार हवा होता, म्हणून फौजदाराला देखरेखीला घेतलं. नवी शेड नेमकी हौदावर येत होती. गाळ उपसून लांब नेऊन टाकायचा तर काम वर्षभर लांबलं असतं. साहेबाने त्याला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला, "हौदाचं तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? आणि तुमच्या मुलाला आपण पहिल्या तुकडीत घेतोय."

मुलगा तीन वर्षं घरी बसून होता. फौजदाराने गाळावर मुरूम ढकलला आणि वर काँक्रीट ओतून घेतलं. मला त्याने हे सांगितलं तेव्हा चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. त्या गाळाची मला कधी आली नव्हती एवढी शिसारी माझ्या साडूची आली. त्याच जमिनीवर उभं राहून पोरगा आठ-आठ तास काम करणार होता.

तर ती रात्र. जानेवारीतला शेवटचा शुक्रवार, नऊ वाजून गेले होते. सोमवारी पोरगा कामावर रुजू होणार होता. फौजदार जेवून उठला आणि काँक्रीटला पाणी मारायला गेला. ताज्या काँक्रीटवर ओली गोणपाटं अंथरतात, ती वाळू द्यायची नसतात. रोजचंच काम. नळी ओढली, पाणी सोडलं. कोपऱ्यातलं एक गोणपाट सरकलं होतं, ते नीट करायला उचललं.

खाली पिवळा गोल.

कोणीतरी चेष्टा केली असेल, असं त्याला वाटलं. बुटाने पुसला. पुसला गेला. मग त्याच्या ध्यानात आलं, खालचं काँक्रीट चिंब ओलं होतं. ओल्यावर खडू उमटत नाही.

त्याने शेजारचं गोणपाट उचललं. गोल. त्याच्या पलीकडचं. गोल. नळीचं पाणी नुसतंच वाहत होतं… आणि वास आला. तोच. जुना. हौदाचा.

मागे कोणीतरी खोकलं.

कोरडा खोकला… थांबून थांबून. मग खरखर. खडूची. अंधारात, त्याच्या भोवतीने… हळू. घाई नाही.

फौजदार गुडघ्यांवर बसला. तळहातांनी पुसत सुटला. एक पुसला की दुसरा.

"माझ्या पोराची भाकरी आहे रे यात," तो म्हणाला.

खरखर थांबली.

…

मग ती दूर जाऊ लागली. शेडबाहेर. फाटकाकडे. घराच्या रस्त्याला.

तो धावला. नळी, पाणी कशाचं भान नाही. घरात दिवा होता. त्याची बायको, माझी मेव्हणी, म्हणाली, पोरगा संध्याकाळपासून घरातच आहे, नवा गणवेश घालून बघतोय. पोरगा आरशासमोर उभा. हसत होता. बापाने त्याला पाठमोरा केला. गणवेश स्वच्छ. सदरा वर केला…

उघड्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. पिवळा गोल.

साबण झाला, रॉकेल झालं. पाठ लाल झाली. मी त्याला परोपरीने सांगितलं, जा, साहेबाला सांग, सगळ्यांसमोर सांग, ते काँक्रीट फोडायला लाव. तो म्हणाला, "भावजी, आत्ता कुठे घर सावरलंय." त्या दिवसापासून त्याच्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही.

पोरगा सोमवारी कामावर गेला, अजून जातो. पगार चांगला आहे, म्हणतात. आणि रोज रात्री जेवणं झाली की फौजदार त्याला पालथा निजवतो, ओलं फडकं घेतो आणि पाठ पुसतो. मी पाहिलंय. फडकं पिवळं होऊन जातं. गोल तसाच.